तलावात मासा टिकला, तर शेतकऱ्याला मोबदला



आज धानाच्या बियाण्याबद्दल नाही, माशाबद्दल बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, मासे धरणे हे ढिवरांचे काम, आमचा काय संबंध? संबंध आहे. मामा तलावात येणारे पाणी वरच्या अंगाच्या रानातून आणि बांध्यांतून येते. मरळ, शिंगी, मागूर हे आपले गावरान मासे पावसाळा लागला की उथळ पाण्यात चढून अंडी घालतात. त्या वेळी बांधीत काय चालले आहे, त्यावर तलावातला मासा ठरतो.

तलावातला गाळ काढला की घनमीटरवर पैसा मिळतो. पण पुढे मासा वाढला का, हे त्या हिशोबात येत नाही. म्हणजे मजुरी खोदण्याची, फळाची नाही.

आयर्लंड देशात उलट रीत बसवली. तिथल्या नद्यांत मोत्याचा शिंपला असतो. शंभर वर्षांहून जास्त जगतो, पण शेतातली माती वाहून आली की त्याची पिल्ले गुदमरतात. 2018 मध्ये आठ नदीखोऱ्यांत शेताला 0 ते 10 गुण देणे सुरू झाले. गवत चांगले, ओल टिकलेली, माती वाहत नाही, तर गुण जास्त. गुण जास्त, तर पैसा जास्त. काय करायचे ते शेतकऱ्याने ठरवायचे.

आपल्याकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बांधवांनी भंडाऱ्याच्या फीड संस्थेच्या मनीष राजनकरांबरोबर तलावातली बेशरम उपटली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती लावल्या. गावरान मासा परत आला. हे फळ मोजता येते, म्हणून त्याचा मोबदलाही मागता येतो.

त्यासाठी आतापासून एवढे करा :

1. तुडतुडे, खोडकिडा यांवर फवारणी केल्यावर बांधीचे तोंड लगेच फोडू नका. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशाला फार घातक असतात. पंप नाल्यात किंवा तलावात धुऊ नका.

2. नाल्याच्या काठाने गवताचा पट्टा राखा. माती तिथेच अडते आणि जनावरांना चाराही होतो.

3. पहिल्या पावसात चढणारा, अंड्यावर आलेला मासा धरू नका.

4. गाळ काढताना सगळा तलाव थाळीसारखा खरवडू देऊ नका. कडेचा उथळ भाग आणि त्यातले देवधान, कमळ ठेवा. मासा तिथेच वाढतो.

5. मच्छीमार संस्थेसोबत दर वर्षी नोंद ठेवा : कोणते गावरान मासे मिळाले, किती किलो मिळाले, बेशरम किती उरली. ही नोंद ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत लिहून घ्या.

मोबदल्यासाठी सरकारची वाट कशाला पाहायची? औषधाचे पाणी अडवणाऱ्या शेतकऱ्याला संस्थेने मासळीतला ठरलेला वाटा द्यावा, असा ठराव ग्रामसभेत करता येईल. वाटा लहान असला तरी चालेल, पण तो नोंदीवर ठरावा, तोंडावर नाही. उद्या फळावर पैसा देणारी योजना आली, तर वही असलेले गाव पुढे राहील. वही नसलेल्या गावाला पुन्हा घनमीटरच मोजावे लागतील.

रोवणीच्या आधी एकदा ढिवरांच्या ओट्यावर बसून बोला.