पऱ्यांची रिंगणं



संगणकावर बोल, असं संयोजकांनी सुचवलं होतं. मी बोलणार आहे आयर्लंडमधल्या पऱ्यांबद्दल!

तिथल्या शेतांत जागोजागी मातीच्या बांधांची गोल रिंगणं दिसतात. 40 हजारांहून अधिक. पुरातत्त्वज्ञ सांगतात, साधारण इ.स. 500 ते 1000 या काळात शेतकरी कुटुंबं अशा बांधाआड राहत. गावकरी मात्र म्हणत, इथे पऱ्या राहतात. या पऱ्या नाजूक, पंखवाल्या नव्हेत. मानी आणि तापट. त्यांचं नाव घ्यायचं नाही, ‘भली माणसं’ म्हणायचं. आपण रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतो तसं. रिंगणात नांगर घालायचा नाही, तिथलं हॉथॉर्नचं काटेरी झाड तोडायचं नाही. नाहीतर गुरं मरतात, माणूस अंथरूण धरतो.

1999 साली क्लेअर परगण्यात लाटून इथे नव्या रस्त्याच्या आड असंच पऱ्यांचं एक झाड आलं. एडी लेनिहान या कथाकथनकारांनी आवाज उठवला आणि झाड राखून रस्ता झाला.

ही अंधश्रद्धाच. पण पहारेकरी नसताना ही रिंगणं शतकानुशतकं टिकली, त्यात या धाकाचा मोठा वाटा आहे. आपल्या देवरायाही अशाच टिकल्या. पुढे धाक ओसरला, यंत्रं आली आणि कितीतरी रिंगणं सपाट झाली.

गोष्टी मात्र वाचल्या, त्या शाळांमुळे. 1937 ते 1939 या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने शाळकरी मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून गोष्टी ऐकून लिहून आणायला सांगितलं. सुमारे 5 हजार शाळांतली 50 हजार मुलं कामाला लागली. विषयांच्या यादीत ही रिंगणंही होती. कोणाच्या शेतात रिंगण आहे, तिथे कोणाला काय दिसलं, हे मुलांनी आजी-आजोबांना विचारून लिहिलं. त्या वह्या डब्लिनमध्ये जपल्या आहेत आणि आज इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आता सत्तरी-ऐंशीत आहेत. गावच्या राईबद्दल, विहिरीबद्दल, वेशीवरच्या वडाबद्दल काय सांगत, ते त्यांना ठाऊक आहे. विश्वास ठेवू नका हवं तर, पण विचारा आणि लिहून घ्या. निबंधाच्या वहीतलं एकच पान. पुढच्या मेळाव्याला प्रत्येकाने ते घेऊन यावं, एवढीच विनंती. तपासायला आपल्या बाई आणि सर आहेतच!