दोन निदानांमधले आठवडे





क्षयरोग आणि एचआयव्ही यांच्या सेवा एकत्र कशा द्यायच्या, हे शास्त्र कोणा एका देशाने घडवलेले नाही. अनेक देशांनी मिळून ते घडवले आणि त्याची किंमत तिथल्या रुग्णांनी मोजली. त्यातून मिळालेला सर्वांत मोठा धडा वेळेचा आहे. एका आजाराचे निदान आणि दुसऱ्याचा उपचार यांच्यामध्ये जे आठवडे वाया जातात, त्या आठवड्यांतच आपले रुग्ण दगावतात.

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात तुगेला फेरी नावाचे गाव आहे. २००५-०६ मध्ये तिथे एक्सडीआर, म्हणजे दुसऱ्या फळीच्या प्रमुख औषधांनाही दाद न देणाऱ्या क्षयाचे ५३ रुग्ण आढळले. त्यांतले ५२ मरण पावले. ज्यांची एचआयव्ही चाचणी झाली होती, ते सगळे बाधित निघाले. थुंकीचा नमुना दिल्यानंतर यांतले निम्मे रुग्ण सुमारे १६ दिवसांतच गेले. कल्चरचा, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून पाहणाऱ्या चाचणीचा, अहवाल यायलाच त्याहून अधिक दिवस लागतात. अनेकांना हा संसर्ग रुग्णालयातच झाला असावा, असे संशोधकांचे मत पडले.

त्या काळी आधी क्षयाचा उपचार पुरा करायचा आणि मग एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधे, सुरू करायची, अशी पुष्कळ डॉक्टरांची रीत होती. गोळ्यांचा बोजा, दुष्परिणाम, प्रतिकारशक्ती परतताना क्षय भडकल्यासारखी उठणारी प्रतिक्रिया, या भीतीत तथ्य होते. डर्बनमध्ये सलीम अब्दुल करीम आणि सहकाऱ्यांनी ६४२ रुग्णांवर अभ्यास करून या प्रश्नाचा निकाल लावला. क्षयाचा उपचार चालू असतानाच एआरटी मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण ५६ टक्क्यांनी कमी होते. कंबोडियात फ्रान्स आणि अमेरिकेच्या सहकार्याने ६६१ रुग्णांचा अभ्यास झाला. क्षयाच्या उपचाराच्या आठव्या आठवड्याऐवजी दुसऱ्या आठवड्यात एआरटी सुरू केल्यावर मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. म्हणूनच आज जागतिक आरोग्य संघटना दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू करायला सांगते. मेंदूच्या आवरणाचा क्षय हा त्याला मुख्य अपवाद.

मात्र क्षय आणि एचआयव्हीचे दोन विभाग शेजारी आणून बसवले, की काम झाले असे नाही. क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीवरचे डोल्युटेग्राविर हे औषध रक्तात कमी होते. म्हणून ते ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्यावे लागते. केसपेपर वेगळे असले, तर संध्याकाळची ती गोळी कोण लिहिणार? एकाच प्रतीक्षागृहात खोकणारा क्षयरुग्ण आणि क्षीण प्रतिकारशक्तीचा एचआयव्हीबाधित शेजारी बसले, तर तुगेला फेरी आपल्याकडेही घडू शकते. पेरूमधल्या लिमा शहरात रुग्णालयांचा अभ्यास झाला. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत, खिडक्या उघड्या ठेवल्या तर हवा सर्वांत चांगली खेळते, असे त्यात दिसले. आपल्या जुन्या रुग्णालयांत अशा खिडक्या आहेत. त्या उघड्या ठेवायला कुठल्याही परदेशी निधीची गरज नाही.

देशोदेशींच्या या सहकार्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एचआयव्ही उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. त्याआधी श्रीमंत देशांत त्याला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई. त्याच वर्षी भारतात क्षयरोग आणि एड्स नियंत्रण कार्यक्रमांची संयुक्त आखणी सुरू झाली. १ एप्रिल २००४ रोजी सरकारी मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते.

ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीने आणि अमेरिकेच्या एड्सविरोधी पेपफार योजनेने आफ्रिकेत लाखो जीव वाचवले, ही कृतज्ञतेने सांगण्याची गोष्ट आहे. परंतु जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि अनेक देशांतल्या सेवा कोलमडू लागल्या. दुसऱ्याच्या पैशावर उभी राहिलेली सेवा किती ठिसूळ असते, हे त्या वेळी दिसले. देशोदेशींचे ज्ञान जरूर वाटून घ्यावे. पण एकत्रित सेवेतल्या कर्मचाऱ्यांचे पगार, औषधे आणि चाचण्या त्या त्या देशाच्या अंदाजपत्रकातूनच आल्या पाहिजेत.

२०२३ मध्ये जगात सुमारे १ लाख ६१ हजार एचआयव्हीबाधित माणसे क्षयाने मरण पावली. क्षय बरा होतो आणि एचआयव्ही औषधांनी काबूत राहतो. म्हणूनच हे मृत्यू अटळ होते, असे मी मानत नाही.

या परिषदेला आलेल्या आपणा सर्वांना माझी एकच विनंती आहे. परत गेल्यावर आपापल्या केंद्राच्या नोंदी उघडा. क्षयाचा उपचार सुरू झाला त्या दिवसापासून एआरटीच्या पहिल्या गोळीपर्यंत प्रत्येक रुग्णाला किती दिवस लागले, ते मोजा. जिथे दोन आठवड्यांहून अधिक लागले, तिथे रुग्ण कुठल्या टेबलावर अडला ते शोधा आणि ती अडचण दूर करा. पुढच्या परिषदेत प्रत्येक जिल्ह्याने हा आकडा सर्वांसमोर मांडावा, असा ठराव आपण आज करूया.