मुलाम्याचें पाणी

सायकलीचें चकचकीत हँडल, न्हाणीघरांतील नळाची तोटी, दिवाणखान्यांतील रुपेरी तबक यांची झळाळी ही बहुधा विजेची करणी असते. धातूच्या क्षाराच्या द्रावणांत वस्तु बुडवून विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे तिच्यावर निकेल, क्रोमियम अथवा रुप्याचा पातळ मुलामा चढतो. मग ती पाण्यानें धुवावी लागते. वस्तु गिऱ्हाइकाच्या घरीं जाते. धुण्याचें पाणी मात्र, कोणी अडविलें नाहीं तर, गटारांतून नदीची वाट धरतें.

इतर पुष्कळशी घाण कालांतरानें कुजून जाते. धातु कुजत नाहीं. जपानांत तोयामा येथील जिंझू नदींत वरच्या अंगाच्या खाणींतून कॅडमियम येत असे. नदीचें पाणी भातखाचरांत गेलें आणि भातावाटे तें विष माणसांच्या शरीरांत उतरलें. हाडें इतकीं ठिसूळ झालीं कीं, त्या रोगाला ‘इताइ-इताइ’, म्हणजे ‘दुखतें, दुखतें’, असेंच नांव पडलें. या दुखण्याचें मूळ कॅडमियममध्यें आहे, हें जपानी सरकारनें १९६८ सालीं मान्य केलें.

ज्या विजेनें मुलामा चढतो, तिलाच पाणी शुद्ध करण्याच्या कामीं लावतां येतें. जितकी वीज जाईल त्या प्रमाणांत पदार्थ अलग होतो, हा फॅरडेचा १८३४ सालचा नियम. एक अँपिअरचा प्रवाह तासभर वाहिला तर तांब्याच्या क्षारांतून सुमारें १·२ ग्रॅम तांबें ऋणाग्रावर जमतें. म्हणून दाट पाणी निराळें सांठविल्यास त्यांतील तांबें पत्र्याच्या रूपानें परत हातीं येतें. परंतु पाणी विरळ होत गेलें म्हणजे धातूचे कण ऋणाग्रापाशीं पुरेशा वेगानें पोंचत नाहींत, आणि वीज पाण्यांतून हायड्रोजन काढण्यांतच खर्ची पडते.

अशा विरळ पाण्याकरितां दुसरी युक्ति आहे. पाण्यांत लोखंडाचे पत्रे उभे करून प्रवाह सोडतात. धनाग्राचें लोखंड हळूहळू विरघळतें. पिंवळसर, अति विषारी क्रोमियमला तें त्याच्या कमी विषारी रूपांत आणतें, आणि मग दोन्ही धातूंचा सांका होऊन तळाशीं बसतो. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविणाऱ्या गृहिणीला ही क्रिया अपरिचित वाटूं नये. हिशेबानें एक ग्रॅम क्रोमियमसाठीं ३·२ ग्रॅम लोखंड लागतें. लोखंडी पत्रे आणि वीज यांनीं मैलापाणी शुद्ध करण्याचा प्रयोग लंडनच्या क्रॉसनेस येथें १८८९ च्या सुमारास झाला होता. पण खर्चापुढें ती पद्धति त्या काळीं मागें पडली.

खर्चाची ही अडचण आजही लहान कारखानदाराला जाणवते. नदींत सोडावयाच्या पाण्यांत विषारी क्रोमियम दर लिटरला ०·१ मिलिग्रॅमहून अधिक नसावें, अशी मर्यादा भारतांतील नियमांनीं घातली आहे. म्हणजे एक कोटी भाग पाण्यांत एक भाग! पत्रे झिजतात, त्यांवर पुटें चढतात, विजेचें देणें वाढतें. आणि निवळलेलें पाणी विकून तर एक पैही मिळत नाहीं. यंत्र बसविलेलें असूनही तें चालविलें जात नाहीं, असा मोह येथेंच उत्पन्न होतो.

शिवाय विजेनें धातु नाहींसा होत नाहीं. तो केवळ जागा बदलतो. तळाचा सांका उघड्यावर टाकला तर पावसाबरोबर तेंच विष पुन्हां विहिरींत झिरपण्याचें भय राहतें. म्हणून तो सुरक्षित जागीं पुरावा लागतो. त्याहून शहाणपणाचा मार्ग असा कीं, वस्तु टांकीवर नीट निथळूं द्यावी, धुण्याचें पाणी थोडें वापरावें आणि प्रत्येक धातूचें पाणी वेगळें ठेवावें. कारण सगळें एकत्र मिसळल्यावर तांबेंही चिखलांतच जातें. जें टांकींतच राहिलें, त्याला नदींतून काढावें लागत नाहीं.

झळाळीची किंमत दुकानांत चुकती होते, असें गिऱ्हाइकाला वाटतें. धुण्याचें पाणी निवळलें नाहीं, तर तिचा उरलेला हिस्सा नदीकांठचा शेतकरी भरीत असतो.