राणीच्या बागेतली झाडे

श्रोतेहो, मुंबईची सहल म्हटली की शाळांच्या यादीत राणीची बाग हटकून असते. तिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे. आम्ही विक्रोळीकर लोकलने भायखळ्याला उतरतो. तिथून बाग पायी जाण्याइतकी जवळ. बुधवारी मात्र जाऊ नये, त्या दिवशी ती बंद असते.

ही बाग १८६२ साली लोकांना खुली झाली. ती उभी करण्यात पुढाकार होता शेती आणि बागाईत यांना वाहिलेल्या एका संस्थेचा. म्हणजे मूळ हेतू झाडांचा. आणि आपण करतो काय? फाटकातून शिरलो की मुलांना ओढत थेट वाघाकडे! वाटेतल्या तीन हजार झाडांकडे कुणी मान वर करून पाहत नाही.

तिथली गोरखचिंच पाहा. ही मूळची आफ्रिकेची. खोड हत्तीच्या पायासारखे. त्यात पाणी साठवून ती कोरडे महिने काढते. तिचे फूल रात्री उमलते आणि वटवाघळे त्याचे पराग इकडून तिकडे नेतात. लालभडक झुंबरांची उर्वशी ब्रह्मदेशातली, म्हणजे आजच्या म्यानमारमधली.

२०१६ साली कोरियातून इथे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आणले. ही जात बर्फातली नव्हे; पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची. पण तिथला समुद्र थंड, म्हणून इथे काचेआड यंत्राने गारवा राखावा लागतो. आमच्या धाकटीने ते पाहून विचारले, "बाबा, ह्यांना घरी कधी सोडणार?" आजी म्हणाली, "अगं, आता हेच त्यांचं घर." पोरीला काही ते पटले नाही. परदेशची गोरखचिंच इथल्या मातीत रुजली, पेंग्विनला मात्र भिंतीआडच राहावे लागते, हा फरक तिने आपल्या परीने ओळखला होता. मुलांचा असा प्रश्न दडपू नये.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्राणिसंग्रहालय वाढवण्याची मोठी योजना निघाली. झाडांवर कुऱ्हाड येईल म्हणून काही नागरिक पुढे सरसावले. त्यांत स्त्रिया आघाडीवर होत्या. त्यांनी बागेतल्या झाडांची पद्धतशीर नोंद केली. काय जाणार आहे, हे त्यामुळेच त्यांना ठामपणे सांगता आले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, सहलीत प्रत्येक मुलाला एक झाड वाटून द्या. साल, पान, फळ वहीत उतरवू द्या. आणि गावी परतल्यावर तीच वही घेऊन आपल्या शिवारातली झाडे मोजायला लावा. त्यांचीही नोंद कुठेतरी असायला हवी.