गावी जाण्याआधी

आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्यांच्या प्रकृतीचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार आढळली आहे. नवा आलेला माणूस तिथल्या रहिवाशांहून धडधाकट असतो आणि वर्षे सरतात तसा तो खालावतो. मुंबईच्या गिरणगावातल्या डिलाईल रोडला हे नवे नाही.

रत्नागिरी-साताऱ्याहून गिरणीत यायचा तो घरातला दणकट पोरगा. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. गाववाल्यांच्या गाळ्यात एक जण पाळीवर गेला की दुसरा त्याच पथारीवर आडवा व्हायचा, आणि एकाचा खोकला सगळ्यांना लागायचा. कार्डिंग खात्यात कापसाची धूळ. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर गेले की छाती आवळायची, आणि काही वर्षांनी दम कायमचा जडायचा.

केईएम 1926 पासून परळला, पायी जाण्याजोगे. पण खाडा केला तर पगार जाणार आणि त्याची जागा घ्यायला बदलीवाला टपलेलाच! मग अगदीच अंथरूण धरले की गाववाले त्याला बोटीत, पुढच्या काळात एसटीत बसवून द्यायचे. मरण गावी, क्षयही गावी. गिरणीच्या लेखी तो फक्त ‘गावाला गेला’. मुंबईने धडधाकट माणसे घेतली आणि आजारी परत केली, असे मी स्पष्ट म्हणेन.

1954 मध्ये मुंबईत कामगार विमा योजना आली आणि आजारपणातही घरी पैसे जाऊ लागले. गिरणगावातल्या मोर्चांइतकीच ही गोष्ट मोठी, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. तिची दोरी मात्र नोकरीला बांधलेली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. पुढे ज्यांची नोकरी गेली त्यांचा विमाही गेला, नेमका दम लागायच्या वयात.

आज त्याच रस्त्यावर टॉवरचे वॉचमन आहेत, पार्सल पोचवणारी पोरे आहेत, बिहार-ओडिशाचे बांधकाम मजूर आहेत. त्यांच्यापैकी कोणी ऐकत असेल, किंवा तुमच्या इमारतीत असेल, तर त्याला एवढे सांगा: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर पालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घे. क्षयाची तपासणी आणि औषधे तिथे फुकट मिळतात. आणि गावी जायचेच असेल तर निघण्याआधी दवाखान्यात कळव. तुझी नोंद गावाजवळच्या सरकारी केंद्राकडे पाठवता येते, औषध मध्येच तुटत नाही.