कापायचं काय आणि कापायचं नाही काय?

आज मी मोटारीच्या एका अगदी साध्या भागाबद्दल बोलणार आहे, मागच्या बंपरबद्दल. बंपर म्हणजे मागून कुणी ठोकलं तर पहिला मार आपल्या अंगावर घेणारा बिचारा. तो शाबूत असतो तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

आमच्या घरी वडिलांनी घेतलेली १९८६ सालची कॉन्टेसा आहे. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सनं ही गाडी १९८४ साली बाजारात आणली. मूळ घडण इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीची. तिथलं मॉडेल बंद झाल्यावर त्याचे साचे इकडे आले. व्हॉक्सहॉल १९२५ पासून अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या मालकीची होती. म्हणजे नात्यानं आमची कॉन्टेसा अमेरिकेतल्या त्या दांडग्या ‘मसल कार’ मोटारींची दूरची चुलत बहीण! लांब नाक आणि रुंद खांदे पाहून आपल्याकडेही लोक तिला मसल कार म्हणतात. पोटात मात्र सुरुवातीला अॅम्बॅसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं. पुढं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, ‘क्लासिक’ हे नाव आलं, आणि २००२ साली कॉन्टेसा बंदच झाली.

मागच्या पावसाळ्याआधी आम्ही आलापल्लीहून भामरागडच्या बाजूला निघालो होतो. समोरून बांबूचा ट्रक आला. रस्ता अरुंद, म्हणून गाडी मागं घेतली आणि डावा कोपरा सागाच्या बुंध्याला लागला. बंपर मधोमध दुमडला. गंज आधीच लागलेला होता, त्यामुळं तो सरळ करण्याच्या पलीकडे गेला.

गडचिरोली जिल्ह्यात वर्षानुवर्षं रेल्वे स्टेशन एकच, वडसा. आपल्या भागात गाडीचं सामान म्हटलं की नागपूरच्या एस.टी.ची वाट पाहायची, ही जुनी सवय. बंद पडलेल्या गाडीचं सामान तर नागपुरातही नशिबानंच मिळायचं. दोन महिन्यांनी जुन्या सामानाच्या बाजारात एक बंपर सापडला, पण तो नंतरच्या क्लासिकचा. माझा लोखंडी, चकचकीत मुलाम्याचा. हा जाडजूड, प्लास्टिकचं आवरण असलेला. एकाच घराण्यातले, पण सख्खे नव्हेत.

चंद्रपुरात एका गॅरेजवाल्यानं तो लावून पाहिला. भोकं जुळेनात. तो म्हणाला, “मॉडेल वेगळं आहे भाऊ. मागचा पत्रा थोडा कापतो, पट्टी वेल्डिंग करून देतो. अर्ध्या तासात बसते.” अर्धा तास ऐकून मलाही मोह झाला. पण वडिलांनी सोबत आणलेले त्यांचे जुने मिस्त्री पुढं आले. म्हणाले, “थांबा जी. आधी आपली गाडी मोजू, मग बंपर मोजू.”

त्यांनी दोरी घेतली. डिकीखालच्या दोन ठरावीक ठिकाणांपासून दोन्ही बाजूंचं तिरकं अंतर मोजलं. दोन्ही सारखी यायला हवीत. आली नाहीत. डावीकडचा आधारच ठोकरीनं आत गेला होता. म्हणजे निम्मा दोष बंपरचा नव्हताच, तो आमच्या गाडीचा होता! वाकड्या गाडीवर सरळ बंपर बसत नाही आणि आपण मात्र बंपरलाच परका म्हणतो.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती जिवाची. जुन्या मोटारींत पेट्रोलची टाकी बहुधा मागच्याच बाजूला असते. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. रिकाम्या टाकीत साचलेली पेट्रोलची वाफ जास्त घातक. टाकी उतरवल्याशिवाय तिथं वेल्डिंगची ठिणगीसुद्धा नको. अर्ध्या तासाचं काम असंच कुणाच्या आयुष्यावर बेतू शकतं.

मग मिस्त्रींनी वाकलेला आधार हळूहळू ओढून जागेवर आणला. पुन्हा दोरी लावली. अंतर जुळलं. जो थोडा फरक उरला तो खऱ्या अर्थानं मॉडेलचा होता. त्यासाठी त्यांनी गाडीच्या जुन्याच पट्ट्या ठेवल्या. बंपर आणि पट्टी यांच्यामध्ये बसेल अशी जाड लोखंडी पट्टी वेगळी केली, तिला भोकं पाडली, रंग दिला आणि नटबोल्टनं कसली. गाडीच्या अंगाला करवत लागली नाही. उद्या मूळ बंपर मिळाला तर चार बोल्ट सोडले की झालं. मिस्त्रींचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं, “कापाचं असन तर पट्टी कापा. गाडी एकदा कापली की मागं येत नाही.”

कायद्याचंही थोडं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. बंपरच्या पुढं लावायच्या लोखंडी गार्डवर तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्र सरकारनं राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. जंगलात जातो म्हणून जाड पाइप लावणं शूरपणाचं वाटतं, पण त्याचा मार समोरच्या पायी चालणाऱ्याला बसतो. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा अशा गोष्टी समोर येतातच. म्हणून लांबीरुंदी वाढवू नये, नंबर प्लेट आणि दिवे झाकू नयेत, आणि शंका असेल तर आधी आरटीओत विचारून घ्यावं.

वडील आता गाडी चालवत नाहीत. बंपर बसला त्या दिवशी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागं वाकून हात फिरवला आणि म्हणाले, “आपलीच दिसते.” जीप असो, पिकअप असो की कॉन्टेसा, दुसरीचा भाग आपल्या गाडीला लावताना इतकंच पाहावं. आधी स्वतःला मोजावं, मग दुसऱ्याला.