शस्त्रक्रियेपूर्वी औषधाचे नाव सांगा



करंजाडेहून पनवेलच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी निघताना आपण रिपोर्ट, आधारकार्ड, सारे बरोबर घेतो;
परंतु पूर्वी ज्या औषधाने अंगावर पित्त उठले होते, त्याचे नाव बहुधा घरीच राहते.

ते नाव डॉक्टरांना सांगा.

प्रतिजैविके, भुलेच्या वेळी स्नायू शिथिल करणारी औषधे, क्वचित हातमोज्यांतील रबरसुद्धा,
ज्या शरीराला सोसत नाही, त्यातील विशिष्ट पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये एकाएकी सोडतात;
आणि त्यांमुळे हृदयाची रक्तवाहिनी आकुंचन पावली,
की एरवी निर्दोष असलेल्या हृदयालाही झटका येऊ शकतो.
ग्रीसचे हृदयतज्ज्ञ निकोलस कूनिस यांनी १९९१ साली सहकाऱ्यासह याचे वर्णन केले;
म्हणून यास कूनिस सिंड्रोम म्हणतात.

हा प्रकार विरळा आहे.
मात्र भुलेखालचा रुग्ण ‘छातीत दुखते’ असे सांगू शकत नाही,
आणि अंगावरचे चट्टे चादरीखाली झाकलेले असतात;
भूलतज्ज्ञाची सारी मदार रक्तदाब, श्वास आणि हृदयाचा आलेख यांवरच असते.

आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९५५ साली तयार होऊ लागलेले पेनिसिलिन असंख्यांना तारक ठरले;
तेच काहींना मुळीच सोसत नाही.

म्हणून पुन्हा विनंती: नाव सांगा.
‘कसलेसे इंजेक्शन होते’ हे उत्तर, खेदाने म्हणावे लागते, फार प्रचलित आहे.
चिठ्ठी हरवली असल्यास जुन्या दवाखान्याच्या दप्तरातून नक्कल मागून घ्या,
आणि भुलेपूर्वीच्या तपासणीत ती दाखवा.
त्यावरून भूलतज्ज्ञांना पर्यायी औषध योजता येते.